मोटरहोम घेतली म्हणून आई सोबत आली

आईला मधुमेह आहे. तासा-दीड तासाने तिला लघवीला जावं लागतं, त्यामुळे गेली चार वर्षं लांबच्या प्रवासाचं नाव काढलं की "तुम्ही जाऊन या, मी घर सांभाळते" हे तिचं ठरलेलं. गाडीतच संडास आहे म्हटल्यावर मात्र तिने विचारलं, "किती दिवसांचं आहे?" त्या एका प्रश्नावर आम्ही सात दिवसांसाठी मोटरहोम, म्हणजे आत राहायची-झोपायची सोय असलेली गाडी, भाड्याने घेतली. आई, आम्ही दोघं आणि दोन मुलं.

बुकिंग करताना नुसते पलंग मोजू नका, सीटबेल्ट मोजा. आधी पाहिलेल्या गाडीत सहा जण झोपू शकत होते, पण बेल्ट चारच. घेतली ती सात मीटर लांब आणि तीन मीटरच्या थोडी वर उंच. ड्रायव्हरच्या डोक्यावर मुलांचा पलंग, मागे खाली, संडासाच्या दाराला लागून आईचा, आणि मधल्या टेबलाचा रात्री पलंग व्हायचा, तो आमचा.

गाडी स्वच्छ होती, टायर चांगले, सिलिंडर भरलेलं. पण ताबा देताना कंपनीच्या माणसाने जेमतेम वीस मिनिटं दिली. पुढचं गिऱ्हाईक येऊन थांबलं होतं, हा भराभर बटणं दाखवत गेला आणि आम्ही माना डोलावल्या. त्याचा मला अजून राग आहे, कारण प्रश्न आईच्या इन्सुलिनचा होता.

या गाडीतला फ्रिज तीन प्रकारे चालतो: रस्त्यावर असताना 12 व्होल्टच्या बॅटरीवर, मुक्कामी वीज जोडली की विजेवर, नाहीतर गॅसवर. पहिली रात्र वीज नसलेल्या जागी काढली आणि बटण बॅटरीवरच राहिलं. इंजिन बंद केलं की बॅटरीवरचा फ्रिजही बंद पडतो, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. पहाटे आईने फ्रिजमधून इन्सुलिनचं पेन काढलं, तळहातावर धरलं आणि म्हणाली, "अगं, हे गार लागत नाही." माझ्या पोटात गोळा आला. वापरातलं पेन बाहेर राहिलेलं चालतं, पण न उघडलेली 2 ते 8 अंशांत ठेवायची असतात. डॉक्टरांना फोन केला तेव्हा कळलं की एका रात्रीने ती वाया जात नाहीत, मात्र आता महिनाभरात संपवायला हवीत.

कंपनीच्या मदतीच्या नंबरवरची मुलगी मात्र फार चांगली. सकाळी सहाला दुसऱ्या रिंगला फोन उचलला. तिने आधी गाडी सपाट करायला लावली. अशा फ्रिजला कॉम्प्रेसर नसतो, उष्णतेवर आतला अमोनिया फिरतो आणि गाडी कललेली असेल तर तो नीट फिरत नाही. मागच्या कप्प्यात चाकाखाली घालायच्या पिवळ्या पाचरी होत्या, त्याही आम्हाला तेव्हाच कळल्या. मग गॅसचं बटण दाबून धरायला सांगितलं, ज्योत लागेपर्यंत ती फोनवर थांबली. दुपारपर्यंत फ्रिज गार.

पाण्याची टाकी 100 लिटरची. घरच्यासारख्या अंघोळी केल्या आणि दुसऱ्या दुपारी नळ कोरडा. मग अंग ओलं करायचं, नळ बंद, साबण लावायचा, पुन्हा नळ, ही सवय मुलांनी आमच्या आधी लावून घेतली. संडासाची टाकी पाच जणांत रोज रिकामी करावी लागते. औषध घातलं की वास येत नाही.

चालवताना उंचीची चिठ्ठी समोर चिकटवून ठेवा. त्याहून जपायचं ते मागच्या भागाला. तो मागच्या चाकांच्या बराच पलीकडे जातो, त्यामुळे उजवीकडे वळताना शेपूट डावीकडे फिरते. छताला आणि गाडीच्या पोटाला झालेलं नुकसान पुष्कळदा विम्यात धरत नाहीत, तेव्हा कागद वाचा आणि ताबा घेतानाच छताचेही फोटो काढा. दाराची पायरी आईच्या गुडघ्यांना उंच पडली. आम्ही प्लास्टिकचं स्टूल ठेवलं. खरं तर वयस्कर माणूस सोबत आहे हे बुकिंगमध्ये लिहिलं होतं, स्टूल कंपनीने द्यायला हवं होतं.

तिसऱ्या रात्री दोनच्या सुमारास दाराची कडी वाजली म्हणून मला जाग आली. आतला छोटा दिवा लागला. आई पलंगाच्या कडेला हात लावत दोन पावलं गेली, आली, पांघरूण ओढून पडली. एरवी परक्या जागी ती मला उठवते. सकाळी विचारलं तर म्हणाली, "कशाला उठवू? इथेच तर आहे."

पुन्हा याच कंपनीकडून घेणार आहे, फक्त ताब्यासाठी एक तास आधीच लिहून घेईन. आईने मागचा खालचा पलंग सांगून ठेवला आहे.