डीएनएला प्रोटीन जोडायचंय? आधी ठरवा, सेन्सर की रचना

जोडणीचे मार्ग डझनभर आहेत आणि प्रत्येक किट विकणारा आपलंच घोडं पुढे दामटतो. माझ्या मते पहिला प्रश्न रसायनाचा नाहीच. सेन्सर बनवत असाल, तर एका अँटिबॉडीवर ऑलिगो (डीएनएचा आखूड धागा) एक बसला की तीन, याने फारसं अडत नाही; कंट्रोल लावून निभावतं. डीएनए ओरिगामीवर (डीएनएचे धागे दुमडून घडवलेल्या सूक्ष्म रचनेवर) दोन एन्झाइमं ठरावीक अंतरावर बसवायची असतील, तर एक जादा धागाही मांडणी बिघडवतो.

सर्वांत कमी कटकटीचा मार्ग बायोटिन-स्ट्रेप्टॅव्हिडिनचा; बायोटिन हे जीवनसत्त्व, स्ट्रेप्टॅव्हिडिन हे त्याला घट्ट पकडणारं प्रोटीन. बायोटिन लावलेला ऑलिगो तयार मागवता येतो आणि जोड मिनिटांत होते. १९९२ साली सानो, स्मिथ आणि कँटर यांनी इम्युनो-पीसीआर (अँटिबॉडीला डीएनए जोडून, तो वाढवून अँटिजेन शोधायची पद्धत) दाखवला, तोही याच जोडीच्या जोरावर. पण स्ट्रेप्टॅव्हिडिनला बायोटिन पकडायच्या चार जागा असतात. ओरिगामीत तो दोन वेगळ्या रचनांना एकमेकींना चिकटवू शकतो. शिवाय जोडणी रक्ताच्या नमुन्यातच होणार असेल, तर केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या खाणाऱ्यांचा विचार करा. त्यांच्या रक्तातलं बायोटिन आधीच जागा अडवून बसतं. अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्ये प्रयोगशाळांना याबद्दल सावध केलं होतं.

हिस-टॅग (प्रोटीनला लावलेली हिस्टिडिनची शेपटी) आणि तिला धरणारं निकेल-एनटीए हा मार्ग स्वस्त वाटतो, कारण प्रोटीनवर टॅग बहुधा आधीच असतो. पण ओरिगामीच्या नेहमीच्या टीएई बफरमध्ये ईडीटीए असतं आणि ते निकेल ओढून घेतं. टिकाऊ रचनेसाठी मी हा मार्ग धरणार नाही.

कोव्हॅलंट (पक्क्या रासायनिक बंधाच्या) जोडणीत लायसिन, म्हणजे अमाइन गट असलेलं अमिनो आम्ल, पकडणं सोपं, पण आंधळं. अँटिबॉडीवर लायसिन पुष्कळ. ऑलिगो नेमका अँटिजेन पकडणाऱ्या टोकावर बसला तर ती वाया गेली. ट्रिस बफर तर अजिबात नको, त्याचा स्वतःचा अमाइन गटच लायसिन पकडण्यासाठी लावलेला एनएचएस गट खाऊन टाकतो. सिस्टीन-मॅलेइमाइड (सिस्टीन या अमिनो आम्लाचा गंधकगट पकडणारी जोड) जास्त नेमकं, अट एवढीच की पृष्ठभागावर मोकळं सिस्टीन एकच हवं आणि आधी वापरलेलं डीटीटी (गंधकाचे बंध तोडणारं रसायन) पुरतं काढून टाकलेलं हवं. ॲझाइड-डीबीसीओ ही क्लिक जोडी (एकमेकांशीच जुळणारे दोन गट) मला त्याहून आवडते. तिला तांबं लागत नाही, आणि तांब्यामुळे डीएनएला होणारी इजा टळते. क्लिक आणि बायोऑर्थोगोनल (सजीवातल्या क्रियांना धक्का न लावणाऱ्या) रसायनाला २०२२ चं नोबेल मिळालंय.

प्रोटीन तुम्हीच जिवाणूत बनवत असाल, तर मात्र टॅगच लावा, म्हणजे प्रोटीनला जोडूनच बनणारा, ऑलिगो पकडणारा भाग. स्नॅप-टॅगला बेंझिलग्वानिन लावलेला ऑलिगो हवा, हेलोटॅगला क्लोरोअल्केन लावलेला. एचयूएच टॅगला साधा, एकपदरी, ठरावीक अनुक्रमाचा ऑलिगोही चालतो. त्याचं टायरोसिन स्वतःच डीएनएशी कोव्हॅलंट बंध करतं. फक्त मॅग्नेशियम किंवा मँगनीज द्यावं लागतं. एकास एक जोड आणि जागाही ठरलेली, म्हणून रचनेसाठी माझं पहिलं मत टॅगलाच. बाजारातून आणलेल्या अँटिबॉडीला हा मार्ग सरळ लागू होत नाही; तिथे लायसिनवर ॲझाइड बसवून पुढे डीबीसीओ-ऑलिगो लावणं व्यवहारी.

ओरिगामी घडवताना मिश्रण सुमारे ९० अंशांपर्यंत तापवून हळूहळू थंड करतात, त्यामुळे प्रोटीन नंतरच टाकायचं. स्टेपलची (रचना बांधून ठेवणाऱ्या आखूड धाग्यांची) टोकं लांब ठेवायची आणि प्रोटीनवरचा पूरक धागा खोलीच्या तापमानाला त्यांवर बसू द्यायचा.

शुद्धीकरणाला मात्र वेळ राखून ठेवा, खरी मेहनत तिथेच जाते. डीएनएवर ऋणभार मोठा असल्याने आयन-एक्सचेंज (भारानुसार रेणू वेगळे करणाऱ्या) कॉलमवर नुसतं प्रोटीन आधी उतरतं, जोड नंतर. मोकळा ऑलिगोही घट्ट धरून राहतो, म्हणून मिठाचं प्रमाण सावकाश वाढवायचं. रिड्यूसिंग जेलवर (साखळ्या सुट्या करून वजनानुसार वेगळ्या दाखवणाऱ्या) अँटिबॉडीच्या ५० आणि २५ किलोडाल्टनच्या पट्ट्यांवर पायऱ्या दिसल्या, तर एक पायरी म्हणजे एक ऑलिगो. पायऱ्यांऐवजी नुसता धूर पसरलेला दिसला, तर ऑलिगोचं प्रमाण कमी करून पुन्हा लावा.