औशाची माडी आणि गॅरंटीचा कागद

औशाला आमच्या सासरच्या वाड्याला माडी आहे. तीनशे चौरस फुटांची सागवानी तक्तपोशी, म्हणजे फळ्यांची जमीन. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा, म्हणजे ३० सप्टेंबर १९९३ नंतर, मामंजींनी वरच्या माळवदाची माती उतरवून पत्रे टाकले, पण माडीच्या फळ्यांना हात लावू दिला नाही. सासूबाई अजून तिथंच झोपतात. गेल्या वर्षी संक्रांतीला सतरंजी उचलली तर खाली पिठासारखा भुसा. खिडकीजवळची फळी पाय पडला की दबायची. भिंतीच्या कडेनं वाळवीची मातीची नळी थेट फळीच्या टोकापर्यंत गेलेली.

फळ्या दुरुस्त करून, वाळवीचं औषध मारून पॉलिश करून घ्यायचं ठरवलं. पहिला ठेकेदार ओसरीवरच बसला. ११० रुपये फूट, दहा वर्षांची गॅरंटी. वर चला, बघून घ्या म्हटलं, तर "त्यात काय बघायचंय ताई, लाकूडच की" म्हणाला. बिल मागितलं तर म्हणे, बिल कशाला, जीएसटी वाचंल की. माझे दीर लातूरला वकिली करतात, त्यांनी मला लगेच थांबवलं. वहिनी, म्हणाले, २०१९ च्या ग्राहक कायद्यात पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी लागत नाही, दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगात जाता येतं, पण तिथं दाखवणार काय? त्या दहा वर्षांचा कागद कुठाय?

मोठ्या शहरातल्या एका कंपनीचं छापील वॉरंटी कार्डही मागवलं. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात होतं, तक्रार बघायला माणूस येण्याचे २,५०० रुपये, प्रवासखर्च वेगळा. तेही सोडलं.

मग लातूरचे मिस्त्री आले. त्यांना विचारलं होतं, तुमचं नाव लिहू का म्हणून. सध्या हातात दोन वाडे आहेत, नवीन काम घेता येणार नाही म्हणाले, म्हणून नाव देत नाही. चपला काढून ते आधी माडीवर गेले. पेचकसाच्या मुठीनं एकेक फळी वाजवत रांगत फिरले. चांगली फळी ठणठण बोलायची, पोखरलेली बद्द. बद्द वाजली की खडूची फुली. खिडकीजवळच्या फळीत पेचकसाचं टोक टेकवलं आणि ते बोटभर आत गेलं, जोर न लावता. सासूबाई बघत होत्या, त्यांनी पदर तोंडाला लावला. अकरा फुल्या झाल्या.

मला पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा चकचकीत कोट हवा होता. मिस्त्री नको म्हणाले. जुन्या फळ्या हलतेत, वरचा पापुद्रा जोडावर फाटतो, आणि एक जागा खराब झाली तरी सगळी माडी घासावी लागते. त्यापेक्षा बेलतेल, म्हणजे आपलं जवसाचंच, टर्पेंटाइन घालून. डाग पडला तर तेवढीच जागा नीट करता येते. फटी भरायलाही नकार दिला. तेव्हा फटीत रुपया उभा जात होता. "आत्ता उन्हाळ्याच्या तोंडाला भरल्या तर पावसाळ्यात फळ्या फुगून उठतेत, ताई." श्रावणात बघितलं, फटी आपल्या आपण मिटल्या होत्या.

दर १६० रुपये. ४८,००० आणि १८ टक्के जीएसटी, एकूण ५६,६४० चं पक्कं बिल. अकरा फळ्यांचं जुनं सागवान आम्ही घेऊन दिलं. बिलाच्या पाठीवर त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं: वाळवी पाच वर्षं, तेलपॉलिश दोन वर्षं, बोलावल्यापासून आठ दिवसांत येणार, येण्याचे पैसे नाहीत. त्याखाली, जबाबदारी कशाची नाही: पत्र्याची गळती, पाणी ओतून पुसणं, फटी. तारीख, सही, शिक्का. खरं सांगते, मी पैसे दिले ते या खालच्या ओळींमुळे. काय होऊ शकतं हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच एवढं लिहिता येतं.

शिवरात्रीनंतर नऊ दिवस काम चाललं. भिंतीला कडेनं भोकं पाडून वाळवीचं औषध, मग घासणं, चाळीस नंबरचा कागद, मग ऐंशी, मग एकशेवीस. तेलाच्या चिंध्या मात्र रोज संध्याकाळी पाण्याच्या बादलीत. बोळा करून ठेवल्या तर तापून आपोआप पेट घेतात, हे मला चाळीशी उलटल्यावर कळलं.

श्रावणात दोन जागा बिघडल्या. दाराजवळ पायाला चिकट लागायचं, आणि खिडकीजवळची नवी फळी काळी पडली. फोन केला, पाचव्या दिवशी मिस्त्री हजर. दोन सुयांचं ओल मोजायचं मीटर त्यांनी दाराजवळ टोचलं, तर १३ टक्के. काळ्या फळीवर २४, म्हणजे ओली. दाराजवळचं माझं चुकलं, म्हणाले, पहिला हात वाळायच्या आत पोरानं दुसरा दिला. टर्पेंटाइननं पुसून पुन्हा तेल दिलं, पैसा घेतला नाही. काळ्या फळीसाठी शिडी लावून पत्र्यावर चढले आणि खिळ्याचं चिरलेलं वायसर माझ्या हातात आणून ठेवलं. गळती पत्र्याची आहे, हे कागदात बसत नाही, ताई. बरोबरच होतं. खिळा-वायसरचे ९० रुपये आणि त्या फळीची मजुरी आम्ही दिली.

फळी लगेच रंगवून देतो असंही ते म्हणाले नाहीत. दसऱ्यानंतर पुन्हा आले, मीटर टोचलं, १२ दिसल्यावर मगच तेलाचा डबा उघडला.