साउंडबार की जुनेच स्पीकर?

इंदूरच्या आमच्या घरातला स्टिरिओ आता एका कानाने बहिरा झालाय. साउंडबार (एकाच लांब पट्टीत बसवलेले स्पीकर) आणावा, की जुने स्पीकर ठेवून फक्त ॲम्प्लिफायर बदलावा? साउंडबार टीव्हीखाली मावतो, बातम्या-मालिका स्वच्छ ऐकू येतात. पण त्याचं डावं-उजवं हातभर अंतरातच. गायक अमीर खाँसाहेबांचा विलंबित झुमरा (संथ लयीतला ताल) ऐकायचा तर तानपुऱ्याला ऐसपैस जागा हवी; ती एकमेकांपासून ६ फुटांवर मांडलेले दोन स्पीकरच देतात. त्यांच्या पडद्याभोवतीचा फोम कुजला, तर तेवढाच बदलता येतो. मात्र ओहमचा (स्पीकरच्या विद्युत-रोधाचा) आकडा बघून घ्या : ८ ओहमसाठीच्या ॲम्प्लिफायरला ४ ओहमचे स्पीकर जोडले की तो जास्त तापू शकतो. आईचं मत साउंडबारला. धूळ कमी पुसावी लागते म्हणे. मी फोम मागवलाय.