ओएसआय की टीसीपी/आयपी? नेटवर्क लेयर समजायला कुठलं मॉडेल धरायचं

नेटवर्किंग शिकायला बसलं की पहिल्याच आठवड्यात डोकं फिरतं. नेटवर्कचं काम लेयरमध्ये, म्हणजे थरांत वाटून दाखवणाऱ्या एका चार्टमध्ये सात लेयर (ओएसआय), दुसऱ्यात चार (टीसीपी/आयपी), तिसऱ्यात कुणीतरी पाच करून ठेवलेत आणि आयपी (पॅकेट पत्त्यावर पोचवणारा प्रोटोकॉल) सगळीकडे मधेच कुठंतरी. मग पाठ नक्की काय करायचं? माझं मत आधीच सांगतो, बोलायला ओएसआय, हात घालायला टीसीपी/आयपी.

आता आधी कोण आलं ते बघा. आयपीव्ही४ चं स्टँडर्ड म्हणजे आरएफसी (इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज) ७९१, सप्टेंबर १९८१ चं, आणि १ जानेवारी १९८३ ला आर्पानेट हे इंटरनेटच्या आधीचं नेटवर्क टीसीपी/आयपीवर गेलंसुद्धा. ओएसआयचं रेफरन्स मॉडेल, आयएसओ ७४९८, आलं १९८४ ला. म्हणजे ज्या चौकटीत आपण आयपीला तिसऱ्या मजल्यावर (खालून फिजिकल, डेटा लिंक, नेटवर्क, ट्रान्सपोर्ट, सेशन, प्रेझेंटेशन, ॲप्लिकेशन) बसवतो ती छापून येईपर्यंत आयपी कामाला लागलेलं होतं. ओएसआयवाल्यांचा या लेयरचा स्वतःचा प्रोटोकॉल वेगळाच, सीएलएनपी, आज तो कुणी फारसा विचारत नाही. त्यामुळे आयपीला 'लेयर ३' म्हणणं म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा सदरा, अंगात जातो पण काखेत आवळतो. १९८९ च्या आरएफसी ११२२ मध्ये तर लेयर चारच आहेत, लिंक, इंटरनेट, ट्रान्सपोर्ट, ॲप्लिकेशन, आणि तिथं आयपीच्या लेयरचं नाव 'इंटरनेट लेयर' आहे, नंबरबिंबर काही नाही.

आवळतो कुठं ते बघायला एक साधा पिंग (समोरचं मशीन उत्तर देतंय का ते बघणारी कमांड) मारा. लिनक्सवर पहिल्याच ओळीत ५६ आणि कंसात ८४ दिसतं. ५६ बाइट डेटा, ८ आयसीएमपी (पिंग आणि एरर मेसेज नेणारा प्रोटोकॉल) हेडर, २० आयपी हेडर, झाले ८४. तोच पॅकेट वायरशार्कमध्ये (पॅकेट उघडून दाखवणारं सॉफ्टवेअर) ९८ चा दिसतो कारण बाहेरून इथरनेटचे १४ चढले. आता फ्रेम (इथरनेटचं पाकीट) उघडा: इथरनेटच्या टाइप फील्डमध्ये हेक्समध्ये ०८००, म्हणजे आत आयपीव्ही४. आयपीच्या प्रोटोकॉल फील्डमध्ये १, म्हणजे आत आयसीएमपी. टीसीपी असता तर तिथं ६ असता, यूडीपी असता तर १७. मग पाकीट बघून ठरवायचं तर आयसीएमपी टीसीपीच्या शेजारी, चौथ्या लेयरला बसायला हवा ना? पण आरएफसी ७९२ च सांगतं की आयसीएमपी हा आयपीचाच भाग आहे आणि प्रत्येक आयपी मॉड्यूलमध्ये तो असलाच पाहिजे. काम बघितलं तर नेटवर्क लेयर, पाकीट बघितलं तर त्याच्या वरचा. सगळा घोळ इथंच आहे, लेयर कामावरून ठरवायची की कुणाच्या पोटात बसून जातो त्यावरून?

राउटिंग प्रोटोकॉलमध्ये तर हे उघडंच पडतं. ओएसपीएफ थेट आयपीत, प्रोटोकॉल नंबर ८९. रिप यूडीपी पोर्ट ५२० वर. बीजीपी टीसीपी पोर्ट १७९ वर. आणि आयएस-आयएस आयपीला हातच लावत नाही, थेट लेयर २ वरून जातो. काम चौघांचं एकच, रस्ते शोधायचे, पण दारं चार. ओएसआयच्या नजरेनं चौघंही नेटवर्क लेयरचे, आणि ते समजायला सोपं जातं हे मान्य. पण फायरवॉलसमोर बसलात की ती नजर उपयोगाची नाही. मी एकदा अख्खी संध्याकाळ ओएसपीएफचा पोर्ट शोधत घालवलीये, आणि त्याला पोर्ट नसतोच, प्रोटोकॉल ८९ सोडावा लागतो!

एआरपी (आयपी पत्त्यावरून मॅक, म्हणजे नेटवर्क कार्डाचा पत्ता शोधणारा) घ्या. टाइप ०८०६, आयपीच्या पोटात नाहीच, म्हणून कुणी लेयर २ म्हणतं, कुणी ३, कुणी भांडण नको म्हणून अडीच. आणि गंमत म्हणजे आयपीव्ही६ मध्ये एआरपी गेला, तेच काम नेबर डिस्कव्हरी करतं आणि ते आयसीएमपीव्ही६ मधून, म्हणजे आयपीच्या वर चढून. काम तेच, मजला बदलला. एमपीएलएसचा (पॅकेटला लेबल लावून पुढं ढकलायची पद्धत) ३२ बिटांचा लेबल-हेडरही असाच इथरनेट आणि आयपीच्या मधे घुसतो, त्यालाही सगळे अडीचच म्हणतात.

पण म्हणून ओएसआय टाकाऊ नाही हं. एल२ (म्हणजे लेयर २) स्विच, एल३ स्विच, एल४ लोड बॅलन्सर, एल७ फायरवॉल, रोजची भाषा त्याच नंबरांची आहे. लिंक नाहीये, मॅक दिसत नाहीये, गेटवेला पिंग जात नाहीये असं खालून वर तपासायलाही तेच सोयीचं, कारण चार लेयरवाल्यात केबलला वेगळी जागाच नाही. सेशन आणि प्रेझेंटेशन हे दोन लेयर मात्र परीक्षेपुरतेच, टीसीपी/आयपीवर काम करताना मला कधी भेटले नाहीत.

तर परीक्षा किंवा इंटरव्ह्यू असेल तर सात लेयर पाठ करा. पॅकेट बघायचेत, फायरवॉलचे रूल लिहायचेत, आरएफसी वाचायच्यात तर चारवालं धरा आणि प्रत्येक प्रोटोकॉलपुढं एकच गोष्ट लिहा, हा कुणाच्या पोटात जातो आणि कुठल्या नंबरनं. आणि व्हीएक्सलॅन (आयपी नेटवर्कवरून लेयर २ चं नेटवर्क पसरवायची पद्धत) आलं की चार्ट मिटून ठेवा, तिथं अख्खी इथरनेट फ्रेमच यूडीपीच्या पोटात बसते, लेयर ४ च्या वर लेयर २. यूडीपी पोर्ट ४७८९ लिहून ठेवा, पुढं चला.