बाह्यग्रह वर्गात: अधिक्रमण की ताऱ्याचं डोलणं?

१९९५ मध्ये ५१ पेगासी बी हा बाह्यग्रह (दुसऱ्या ताऱ्याभोवती फिरणारा ग्रह) सापडला तो ताऱ्याच्या डोलण्यावरून, म्हणजे ग्रहाच्या ओढीने तारा किंचित मागेपुढे होतो त्यावरून. तरी वर्गात सुरुवात अधिक्रमणाने करावी, म्हणजे ग्रह ताऱ्यासमोरून जाताना प्रकाश घटतो त्या पद्धतीने.

तारा म्हणून १० सेंमी व्यासाचा दुधी गोल दिवा, ग्रह म्हणून त्याच्या अगदी पुढून जाणारा ३ सेंमी व्यासाचा चेंडू, समोर ३ मीटरवर मोबाइलचा प्रकाशमापक. प्रकाश साधारण ९ टक्के घटतो. मुलं ३० म्हणतात, कारण व्यास मोजतात, क्षेत्रफळ नाही. चेंडू मोबाइलकडे सरकला की घट फुगते. दिवा लुकलुकणारा असेल तर आकडे नाचतात. खोलीत पूर्ण अंधार हवाच.

डोलणं दाखवण्यासाठी दोरीला घट्ट बांधलेला बझर डोक्यावर आडवा फिरवा: बझर म्हणजे तारा, त्याचा स्वर म्हणजे ताऱ्याचा प्रकाश. स्वराचा चढउतार बाजूच्यांना ऐकू येतो, फिरवणाऱ्याला नाही. मजा येते, पण प्रमाण चुकतं: ५१ पेगासी ताऱ्याचा डोलण्याचा वेग सेकंदाला जेमतेम ५५ मीटर, त्याच्या प्रकाशाच्या तरंगलांबीतला फरक कोटीत दोन भाग.

अधिक्रमणातून त्रिज्या मिळते, डोलण्यातून किमान वस्तुमान. घनतेसाठी दोन्ही लागतात.