“सिंथेटिक घातलंत म्हणून इंजिन गेलं” : या एका वाक्यात गेलेले माझे सात महिने

रोटरी इंजिनाच्या गाडीत सिंथेटिक (रासायनिक प्रक्रियेने बनवलेलं) ऑइल घालावं की साधं मिनरल (कच्च्या तेलातून काढलेलं), हा वाद जुना आहे आणि खरा आहे. जाणकार माणसं दोन्ही बाजूंनी बोलतात. माझी फसवणूक झाली ती याच वादाच्या आडून. वाद निव्वळ खोटा असता तर मला लवकर संशय आला असता. माझदा कंपनीची रोटरी इंजिनाची जुनी आरएक्स-८ गाडी कोणी घेणार असेल किंवा कोणाच्या दारात ती आधीच उभी असेल, तर हे सगळं वाचा. लांबलं तरी वाचा.

मी कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहतो. ऑगस्ट २०१२ मध्ये माझदाची २००५ची आरएक्स-८ घेतली, सहा गिअरची, ६८ हजार मैल चाललेली. सांगलीला कॉलेजात असताना १९९१ची ल मान्स शर्यत माझदाच्या ७८७बी या रोटरी गाडीने जिंकल्याचं वाचलं होतं, तेव्हापासून हे इंजिन डोक्यात बसलेलं. पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाही. ६५४ सीसीच्या दोन कप्प्यांत दोन तिकोनी रोटर फिरतात, आणि काटा मिनिटाला नऊ हजार फेऱ्यांपर्यंत जातो. आधीचा मालक सरळ माणूस होता. त्याने आपणहून सांगितलं, “मी कायम सिंथेटिक वापरलं.” पुढे हेच वाक्य माझ्याविरुद्ध वापरलं जाईल असं तेव्हा मनातही आलं नाही.

ऑक्टोबरमध्ये त्रास सुरू झाला. सकाळी गार असताना गाडी पटकन सुरू व्हायची. पण पेट्रोल भरायला थांबलो आणि गरम इंजिनावर पुन्हा चावी फिरवली, की आठ-दहा सेकंद सेल (स्टार्टर) मारत राहावं लागे. सॅन होजेमध्ये फक्त रोटरी गाड्यांचं काम करणारं एक गॅरेज असल्याचं कळलं. नाव लिहीत नाही. बाहेर तीन-चार जुन्या आरएक्स-७ उभ्या होत्या, भिंतीवर सुटे रोटर टांगलेले. मला वाटलं, योग्य जागी आलो.

त्याने पहिला प्रश्न विचारला, “ऑइल कुठलं वापरता?” मी सांगितलं. त्याने मान हलवली, प्लग काढले आणि माझ्यासमोर धरले. टोकं काळीकुट्ट, तेलकट. “हे बघा. सिंथेटिक जळत नाही, त्याची काजळी साठते आणि सील चिकटून बसतात.” मग त्याने गेज लावून कॉम्प्रेशन, म्हणजे इंजिनाच्या कप्प्यात तयार होणारा दाब, मोजलं आणि म्हणाला, “एकशे दहा पीएसआय आहे, वाईट नाही. उपचार केले तर वाचेल.” इंजिन आतून धुवायचं आणि मग त्याचं खास कमी राखेचं मिनरल ऑइल दर दीड हजार मैलांना बदलायचं. ते बिनलेबलच्या पांढऱ्या कॅनमधून यायचं, क्वार्टला (लिटरपेक्षा थोडं कमी) २८ डॉलर. पहिलं बिल ४१२ डॉलर झालं.

निघताना त्याने जे सांगितलं ते सगळ्यात महागात पडलं. माझदाने अमेरिकेतल्या २००४ ते २००८च्या आरएक्स-८ गाड्यांना इंजिनाच्या गाभ्याची वॉरंटी वाढवून ८ वर्षं किंवा १ लाख मैल केली होती. मला ते माहीत होतं आणि मी विचारलंही, आधी डीलरकडे जाऊ का? तो म्हणाला, “जाऊ नका. सिंथेटिक घातलेलं कळलं की ते वॉरंटी नाकारतील, आणि तुमच्या गाडीच्या नावावर तशी नोंद कायमची राहील. आधी माझं ऑइल दोन-तीनदा फिरू द्या, आतून साफ झालं की मग जा.”

मी ऐकलं. कारण पहिल्या उपचारानंतर गाडी खरोखरच बरी चालली. गरम असतानाही एका झटक्यात सुरू झाली, आठवडाभर. मग पुन्हा तेच. डिसेंबरला गेलो, फेब्रुवारीला गेलो, मार्चअखेर गेलो. दर वेळी १६५ डॉलर, दर वेळी आठवडाभर बरं. मे महिन्यात त्याने सांगितलं, “इंजिनकाम काढावं लागेल. ४६०० डॉलर. सिंथेटिकने केलं हे, मी प्रयत्न केला.”

घरी बाबांना यातलं काही सांगितलं नव्हतं. जुनी गाडी घेऊ नको असं त्यांनी बजावलं होतं, त्यामुळे तोंड उघडवत नव्हतं. बाबा सांगलीच्या एसटी डेपोत तीस वर्षं मेकॅनिक होते. त्या रात्री शेवटी फोन केला आणि ऑक्टोबरपासूनचं सगळं सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, “अरे, हे इंजिन तेल जाळतं ना? मुद्दामच जाळतं ना?”

“हो बाबा.”

“मग प्लग काळाच असणार. आपल्या चेतकचा प्लग कसा असायचा, विसरलास? टू-टी ऑइल जळायचं त्यात. काळा प्लग दाखवून त्याने काय सिद्ध केलं?” आणि मग, “कॉम्प्रेशनचा आकडा लिहून दिलाय का त्याने? किती आकडे दिले?”

“एकच. एकशे दहा.”

“तूच म्हणतोस रोटरला तीन बाजू आहेत. मग एकच आकडा कसा?”

या प्रश्नाने माझे डोळे उघडले. दुसऱ्याच दिवशी मी डीलरकडे वेळ घेतली.

इथे थोडं यंत्राबद्दल सांगायला हवं, कारण फसवणूक नेमकी इथेच लपली होती. रोटरच्या तीन टोकांवर तीन सील असतात आणि ती कप्प्याच्या भिंतीवर घासत फिरतात. त्यांना वंगण मिळावं म्हणून एक छोटा मीटरिंग पंप इंजिनातलंच ऑइल थोडं थोडं कप्प्यात सोडतो, आणि ते इंधनाबरोबर जळतं. म्हणजे या गाडीने ऑइल खाणं हा बिघाड नाही, तिची रचनाच तशी आहे. ऑइल जळणारच, तेव्हा ते स्वच्छ जळावं, हा मिनरलवाल्यांचा मुद्दा यातूनच येतो आणि तो वेडगळ नाही. पण राख उरते ती मुख्यतः ऑइलमध्ये मिसळलेल्या कॅल्शियम, जस्त अशा धातूंच्या संयुगांची, आणि ती मिनरलमध्येही असतात, सिंथेटिकमध्येही असतात. शिवाय अमेरिकेत ‘सिंथेटिक’ या शब्दालाच एक अर्थ उरलेला नाही. १९९९ मध्ये मोबिल आणि कॅस्ट्रॉल यांच्या जाहिरातींच्या वादात निकाल कॅस्ट्रॉलच्या बाजूने गेला आणि कच्च्या तेलापासूनच बनवलेल्या, पण खूप शुद्ध केलेल्या बेस ऑइललाही सिंथेटिक म्हणण्याची वाट मोकळी झाली. आधीच्या मालकाच्या डब्यात नेमकं काय होतं हे मला माहीत नव्हतं आणि त्या मेकॅनिकलाही माहीत असणं शक्य नव्हतं. तरी त्याने निदान ठामपणे सांगितलं.

आता कॉम्प्रेशन. पिस्टनच्या गाडीचं साधं गेज सर्वांत मोठा दाब धरून ठेवतं. रोटरीला ते लावलं तर तीन बाजूंपैकी जी सगळ्यात चांगली तिचाच आकडा दिसतो, उरलेल्या दोन कितीही कमजोर असोत. रोटरीसाठी वेगळा टेस्टर लागतो. तो दोन्ही रोटरच्या मिळून सहा बाजूंचे सहा आकडे देतो आणि सेल किती वेगाने फिरला तेही नोंदवतो, कारण मिनिटाला २५० फेऱ्यांच्या हिशेबात आकडा दुरुस्त करावा लागतो. इंजिन गरम असायला हवं. आरएक्स-८ला किमान मर्यादा दर चौरस सेंटीमीटरला ६.९ किलोची, म्हणजे सुमारे ९८ पीएसआयची, आहे.

डीलरने छापील कागद हातात दिला. पुढच्या रोटरचे ६.६, ६.४, ६.७. मागच्याचे ५.८, ५.३, ५.९. सगळे नापास.

सर्व्हिस काउंटरवरच्या बाईंनी गाडीचा नंबर संगणकात टाकला आणि थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग स्क्रीन माझ्याकडे वळवला. गाडी पहिल्यांदा विकली गेल्याची तारीख १९ एप्रिल २००५. आठ वर्षं पाच आठवड्यांपूर्वी संपली होती. मी विचारलं, मार्चमध्ये आलो असतो तर? हे आकडे असते तर इंजिन बदलून मिळालं असतं, त्या म्हणाल्या. आणि सिंथेटिक? त्यांना प्रश्नच कळेना. ऑइल वेळेवर बदलल्याच्या पावत्या मागितल्या असत्या, एवढंच त्या म्हणाल्या. माझ्याकडे आधीच्या मालकाने दिलेल्या एकूण एक पावत्या फायलीत लावलेल्या होत्या. त्या फायलीकडे बघत मी पार्किंगमध्ये किती वेळ बसलो होतो, आठवत नाही.

नंतर वाचलं तेव्हा कळलं की १९७५चा मॅग्नसन-मॉस कायदा याचसाठी आहे. तुम्ही दुसऱ्या ब्रँडचं ऑइल घातलं, एवढ्यावरून कंपनी वॉरंटी नाकारू शकत नाही. त्या ऑइलमुळेच नुकसान झालं हे तिला दाखवावं लागतं. हे ऑक्टोबरमध्ये माहीत असतं तर त्याच्या धमकीला मी भ्यालो नसतो.

आणि दर वेळी आठवडाभर गाडी बरी का चालायची? उपचाराच्या वेळी तो प्लगच्या भोकांतून आत ऑइलसारखं काहीतरी ओतायचा. मी स्वतः पाहिलं होतं, साफसफाई चाललीय असं समजलो होतो. झिजलेल्या सीलवर ऑइलचा थर बसला की फट तात्पुरती बुजते आणि कॉम्प्रेशन वाढतं. ते ऑइल जळून गेलं की गाडी मूळ पदावर. माझा विश्वास टिकवायला आणि एप्रिल उलटायला एवढं पुरेसं होतं. वॉरंटीची तारीख त्याला ठाऊक होती का, हे मी सिद्ध करू शकत नाही. पण तारीख उलटल्यावर महिन्याभरातच ४६०० डॉलरचं काम निघालं.

त्याचा एक पांढरा कॅन, अर्धा भरलेला, वरून घालायला म्हणून माझ्याकडे होता. तो इंडियानातल्या एका ऑइल तपासणी प्रयोगशाळेत पाठवला. अशा तपासणीत ऑइल सिंथेटिक की मिनरल हे खात्रीने कळत नाही, हे आधीच सांगतो, नाहीतर त्यासाठी पैसे घालवाल. पण दाटपणा कळतो आणि धातू कळतात. दाटपणा साध्या ३० ग्रेडच्या ऑइलचा निघाला. कॅल्शियम २००० पीपीएमच्या (दहा लाख भागांत २०००) वर, जस्तही नेहमीएवढंच. कमी राखेच्या ऑइलमध्ये हे आकडे कमी असायला हवे होते. कोणत्याही दुकानात मिळणारं मोटार ऑइल मी क्वार्टला २८ डॉलर देऊन सात महिने घेत होतो.

कॅलिफोर्नियात ब्यूरो ऑफ ऑटोमोटिव्ह रिपेअर नावाचं सरकारी खातं आहे. गॅरेजने कामाआधी लेखी अंदाज द्यावा लागतो, आणि काम सुरू होण्यापूर्वी मागितले तर काढलेले जुने भाग परत द्यावे लागतात. मी सगळी बिलं आणि प्रयोगशाळेचा अहवाल जोडून तक्रार केली. बिलांवर ऑइलचं नाव किंवा ग्रेड कुठेच नव्हती, नुसतं ‘रोटरी सर्व्हिस’. खात्याच्या माणसाने मध्यस्थी केली तेव्हा तीन फेऱ्यांचे ४९५ डॉलर परत मिळाले. वॉरंटीबद्दल मात्र काहीच करता आलं नाही. “डीलरकडे जाऊ नका” हे तो तोंडी बोलला होता. छोट्या दाव्यांच्या कोर्टात जायचा विचार केला, तिथे तेव्हा १० हजार डॉलरपर्यंत दावा लावता येत होता, पण हातात एक ओळ लेखी नव्हती. इंजिन स्वतःच्या पैशाने बदललं. साडेपाच हजारांवर गेले.

आता मी काय घालतो, हे लोक आवर्जून विचारतात. ऑइलच्या झाकणावर लिहिलेली ग्रेड, साधं मिनरल, दर तीन हजार मैलांना बदलतो. टाकीत थोडं चांगल्या प्रतीचं टू-स्ट्रोक ऑइलही मिसळतो. सिंथेटिक घालणाऱ्याशी माझं भांडण नाही. दर दुसऱ्यांदा पेट्रोल भरताना डिपस्टिक मात्र काढून बघतोच, कारण हजार-दीड हजार मैलांत ही गाडी एक क्वार्ट खाते आणि पातळी खाली गेली की कुठलंच ऑइल सील वाचवू शकत नाही. गार इंजिन सुरू करून दोन फूट पुढे घेऊन लगेच बंद करत नाही, आत पेट्रोल साठतं.

गेल्या वर्षी आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात पुण्याहून नवीन आलेला एक मुलगा भेटला. २००९ची आरएक्स-८ घेत होता. विकणारा म्हणाला होता, “फक्त मिनरल वापरलंय, इंजिन एकदम टकाटक.” मी त्याला सौदा दोन दिवस थांबवायला लावला आणि त्याच्याबरोबर टेस्टला गेलो. पुढच्या रोटरचे ७.८, ७.९, ७.७ आले. मागच्याचे ६.२, ६.४, ४.९. तो कागद त्याने विकणाऱ्याला दाखवला आणि बयाणा न देता माझ्याच गाडीतून घरी परत आला.