क्रिटिक्सपर्यंत गेम पोचवणारी पेड सर्व्हिस: माझा अनुभव

आमचा पझल गेम फ्री आहे, आत जेम्स (गेममधलं चलन) विकत घ्यायचे असतात, आणि तो रिव्ह्यूअर्सकडे जावा म्हणून मी एक पेड सर्व्हिस घेतली होती. खरं सांगायचं तर निराशा झाली. त्यांनी सरसकट सगळ्यांना स्टोअरची लिंक आणि तोच एक मेल पाठवला, बास. अहो पण गेम फ्रीच आहे, लिंक देऊन काय उपयोग, क्रिटिकला खरेदीच्या पुढचं दिसायला हवं ना! दोघांनी पहिल्या काही लेव्हल खेळून सोडून दिला, त्यांची चूक नाहीच.

मग मी स्वतःच बसले. आयफोनवाल्यांना टेस्टफ्लाइटचं (अ‍ॅप चाचणीसाठी वाटायची अ‍ॅपलची सोय) इन्व्हाइट दिलं, त्यात इन-अॅप खरेदीला पैसे कटत नाहीत, बाहेरचे १०,००० टेस्टर चालतात, फक्त बिल्ड, म्हणजे चाचणीसाठी दिलेली गेमची आवृत्ती, ९० दिवसांनी एक्सपायर होते तेवढं लक्षात ठेवा. अँड्रॉइडला गुगल प्लेचे प्रोमो कोड (टाकले की वस्तू फुकट मिळते) वापरले, जेम पॅकसाठी वेगळे काढता येतात.

आणि एक, जेम्सचा ढीग देऊन मोकळं होऊ नका! सोबत साधं, काहीच न दिलेलं अकाउंट पण द्या, कारण वाचणारा माणूस तसाच खेळणार आहे, त्याला वेटिंग टायमर (पुढे खेळायला थांबायला लावणारं घड्याळ) किती छळतो हे रिव्ह्यूत यायलाच पाहिजे. मी किमती, लूट बॉक्समधले (आत काय निघेल ते नशिबावर असलेले डबे) चान्सेस सगळं मेलमध्येच लिहिलं. एकीने टायमरवर चांगलंच झापलं, पण गेम शेवटपर्यंत खेळून लिहिलं होतं.

सर्व्हिसला ५ पैकी २, तेही मेल वेळेवर गेले म्हणून.